धुराचा रकाना

कापूस यायला लागला की आपल्या गावाबाहेरच्या बाभळी पांढऱ्या होतात. देवळीच्या रस्त्याने ट्रॅक्टर, मेटॅडोर आणि अजूनही थोड्या बैलगाड्या कापसाने शिगोशीग भरून येतात, बाभळी त्यांना दोन्ही बाजूंनी ओरबाडतात आणि काट्याकाट्यावर एकेक पुंजका अडकून राहतो. परवा सकाळी फिरायला गेले तेव्हा या हंगामातला पहिला पुंजका दिसला. तो काढून मी पदराच्या टोकात बांधला, वातींना होईल म्हणून. सत्तरी उलटली तरी वस्तू दिसली की तिची जागा ठरवायची ही सवय काही सुटत नाही.

घरी पोचते तो तुमच्या बाबाचा फोन. पण बोललास तूच, ओजस. शाळेला दोन दिवस सुट्टी मिळाली म्हणून तू खुशीत होतास. तुमच्याकडच्या डोंगरांना वणवा लागला आहे, आग कितीतरी मैल दूर आहे, पण हवेत धूर आहे म्हणून मुलांना घरातच ठेवायला सांगितलं आहे. बाबा रोज सकाळी कॉम्प्युटरवर हवेचा आकडा बघतो. रेवा मागून ओरडून सांगत होती की तिला खिडकीसुद्धा उघडू देत नाहीत.

"आजी, धूर छातीत जाऊन बसतो, तुला माहीत आहे?" तू विचारलंस.

माहीत आहे, असं मी म्हणाले. मग फोन ठेवला आणि पदराची गाठ सोडून तो पुंजका हातात घेतला. तुझ्या प्रश्नाचं पुरतं उत्तर असं आहे, बाळा, की मला माहीत होतं आणि मी ते लिहिलं नाही. जिथे लिहायचं होतं तिथे लिहिलं नाही. आज इथे लिहिते. बाबा तुम्हाला वाचून दाखवील. यातलं बरंचसं त्यालाही माहीत नाही, तो त्या वर्षी नुकताच इंजिनियरिंगला पुण्याला गेला होता.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतला हंगाम तो. कापूस असा पिकला होता की गावातल्या जिनिंगांना जागा पुरेना. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करण्याचा कारखाना. हिंगणघाटच्या मानाने आपल्याकडच्या जिनिंगा लहान, पण त्या वर्षी त्यांच्या आवारातले ढीग बाहेरच्या रस्त्यावरून दिसायचे, पत्र्याच्या छपरांहून उंच. दिवसभर यंत्रांची घरघर. विजेच्या तारांवर रुई, विहिरीच्या पाण्यावर रुई, झाकण राहिलं तर विरजणावर रुई. वर्गात शिकवताना मुलींच्या वेण्यांवर पांढरी लव दिसायची आणि मी त्यांना व्याकरण सांगता सांगता ती टिपत राहायची. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवायची. गावात मला सगळे 'बाई' म्हणत, आणि अजूनही म्हणतात.

आपल्या कुंपणाला लागून देवरावांचं घर. नगरपालिकेच्या आगीच्या बंबावर ते कामाला होते. उंच, काटक, मान जराशी पुढे काढून चालणारे. पालिकेचा भोंगा वाजला की हातातला घास ताटात ठेवून सायकल काढायचे. मला म्हणायचे, "बाई, तुमची शाळा घंटीनं सुटते, माही भोंग्यानं भरते." त्यांची बायको इंदू. ती त्यांना माझ्यासमोर असे टोमणे मारायची, की ऐकणाऱ्याने हसावं. "म्या चूल पेटवली का याईले खोकला येते, अन् जिनिंग पेटली का हे पयत जाते."

कापसाची आग तुम्ही सिनेमात बघता तशी नसते. सरकी काढणाऱ्या रुळांमध्ये एखादा खडा येतो, ठिणगी पडते, आणि ती रुईबरोबर ढिगात जाऊन बसते. वरून ढीग पांढराशुभ्र, आत मात्र ती चरत राहते. ज्वाळा दिसतात तो भाग लवकर संपतो. पाणी मारलं की वरचा थर विझतो, लोक टाळ्या वाजवून घरी जातात, आणि बंबवाल्यांचं खरं काम तिथून पुढे सुरू होतं. ढीग उपसायचा. हातांनी, दाताळ्यांनी, थरामागून थर, आतली धग सापडेपर्यंत. प्रत्येक थराखालून कोंडलेला धूर तोंडावर येतो. हे एक दिवस, दोन दिवस, कधी तीन दिवस. तोंडावर बांधायला त्यांच्याकडे काय होतं तर खांद्यावरचा दुपट्टा. बंबातल्याच पाण्यात तो भिजवायचा, नाकातोंडावरून घेऊन मागे गाठ मारायची.

त्या धुराचा वास विझलेल्या वातीसारखा. देवापुढचं निरांजन शांत होताना शेवटचा जो एक धागा वर जातो, तोच वास, पण गावभर. आता रोज संध्याकाळी देवघरात तो वास येतो तेव्हा मी डोळे मिटून घेते. घरातल्यांना वाटतं, आजी प्रार्थना करते आहे.

त्या हंगामात देवळीच्या रस्त्यावरची एक जिनिंग पेटली ती संक्रांतीनंतर. तीन दिवस देवराव तिथे होते. सकाळी जायचे, दिवेलागणीला परतायचे, डोळे लाल, मिशा पिवळट. चौथ्या दिवशी नेहमीप्रमाणे जिनिंगच्या शेटने बंबवाल्यांना गुळाची एकेक ढेप दिली. ही आपल्याकडची जुनी रीत. गूळ खाल्ला की छातीतला धूर नि कोंडा खाली उतरतो, असं जिनिंगात काम करणारी बायामाणसंही मानतात. आग विझली की गूळ वाटायचाच. देवराव त्यातला मोठा तुकडा आणून माझ्या ओट्यावर ठेवायचे. "चहाले होईन, बाई. आमच्या घरी कोन खाते एवढा."

एकदा मी त्यांना हसत हसत समजावलं होतं की अन्नाची नळी वेगळी आणि श्वासाची वेगळी, तेव्हा गूळ छातीत जायचा प्रश्नच नाही. फळ्यावर काढावी तशी ओट्यावर खडूने आकृतीही काढून दाखवली. त्यांनी मान डोलावली, म्हणाले, "म्हंजे मंग धूर जाते तो रस्ता गुळाले मालूमच नाई." आम्ही दोघं हसलो. आकृतीतली श्वासाची नळी तिथेच ओट्यावर होती, तिच्या टोकाला मी दोन फुप्फुसंही काढली होती, आणि तरी त्यात काय साठत असेल हा विचार माझ्या मनात आला नाही. मी ओटा पुसून घेतला. त्या हंगामात आमच्या घरचा चहा त्यांच्या छातीच्या वाट्याच्या गुळाचा होता.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून इंदूची कपड्यांची दोरी दिसायची. आगीच्या दुसऱ्या दिवशी तिच्यावर दुपट्टा. कितीही धुतला तरी त्याच्या मधोमध दोन काळसर डाग राहायचे, एक नाकाच्या जागी आणि त्याखाली एक तोंडाच्या जागी, थोडा मोठा. इंदू कंटाळून म्हणाली की हे डाग निघतच नाहीत. मी तिला धुण्याचा सोडा दिला. किती घालायचा, किती वेळ भिजवायचं, ते कागदावर लिहून दिलं.

आणि शेवंती. त्या थंडीत माझी शेवंती फार चांगली आली होती, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना कुंड्या. आपल्या घराला चारच पायऱ्या आहेत, तुम्ही दोघं एका उडीत चढता. देवराव दुसऱ्या पायरीवर थांबायचे आणि शेवंतीची चौकशी करायचे. खत कोणतं, पाणी केव्हा, पिवळी आधी येते की पांढरी. मला बरं वाटायचं. गावात माझ्या बागेची इतकी आस्थेने विचारपूस दुसरं कोणी करत नसे. मग उत्तर देऊन होईपर्यंत त्यांचा श्वास जागेवर यायचा आणि ते उरलेल्या दोन पायऱ्या चढायचे. हे मला फार पुढे कळलं, एकदा मीच दम लागून दुसऱ्याच्या फाटकाशी उभी राहून त्याच्या मोगऱ्याबद्दल विचारत होते तेव्हा.

फेब्रुवारीत इंदूने त्यांना जवळजवळ ओढतच सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना नळीत फुंकायला लावलं, फोटो काढला, आणि सांगितलं की छाती अशक्त झाली आहे, यापुढे धुरापासून दूर राहा. चिठ्ठीवर तसं लिहूनही दिलं. देवरावांना त्याचं हसू आलं. बंबवाल्याने धुरापासून दूर राहायचं म्हणजे मासोळीने पाण्यापासून. पण इंदूने माहिती काढली होती. पाण्याच्या टाकीवर व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं काम असतं, त्यावरचा माणूस निवृत्त होणार होता. कामामुळे तब्येत बिघडली असं वैद्यकीय मंडळाने मान्य केलं तर देवरावांना बंबावरून काढून टाकीवर ठेवता येणार होतं. त्यासाठी फॉर्म भरायचा होता. फॉर्म इंग्रजीत होता.

आळीतले सगळे फॉर्म मी भरायची. बँकेचे, पासपोर्टचे, कॉलेजच्या प्रवेशाचे. माझं अक्षर वळणदार, खाडाखोड नाही, आणि खाली कार्बन ठेवून प्रत्येकाची एक नक्कल माझ्या फायलीत. बाईंनी भरलेला फॉर्म परत येत नाही, असं लोक म्हणत आणि मला ते आवडायचं.

रविवारी सकाळी दोघं आली. देवराव खुर्चीवर बसले, इंदू दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. मी एकेक रकाना वाचायची, मराठीत विचारायची, इंग्रजीत लिहायची. नाव, वय, हुद्दा. हुद्द्याच्या रकान्यात मी 'फायरमन' लिहिलं. मग सेवेची वर्षं, वीस. मग सवयींचा रकाना आला. मी विचारलं, बिडी?

"ओढत व्हतो ना," देवराव म्हणाले. "वीस वर्सं, दिवसाच्या चार-पाच. या दसऱ्यापासून सोडली."

इंदू दारातून म्हणाली, "बिडीचं नका लिहू ना, बाई."

आता माझं काय झालं ते सांगते. वर्गात कोणी कॉपी करताना दिसलं की माझ्या आवाजात एक धार यायची, ती आली. मी म्हणाले, "इंदू, सरकारी कागदावर खोटं लिहायचं नसतं."

"खोटं नका लिहू," ती म्हणाली. "पन धुराचंबी लिहा ना. बिडी चार झुरक्याची, धूर तीन-तीन दिवसाचा."

"त्याचा रकाना नाही," मी म्हणाले.

देवरावांनी मधे हात केला. "लिहा बाई, जे हाय ते. तुमच्यापुढं काय लपवून राह्यलो मी."

आणि मी लिहिलं. 'बिडी ओढतात, वीस वर्षे.' सोडली हे लिहिलं नाही, रकाना लहान होता आणि ओळ बाहेर गेलेली मला चालत नसे. वीस वर्षांच्या आगींना मी एक शब्द दिला होता, हुद्द्याचा. फॉर्मच्या शेवटी 'इतर माहिती' म्हणून चार मोकळ्या ओळी होत्या. तिथे मी एक तिरकी रेघ मारली, की मागाहून कोणी काही घालू नये. देवरावांनी मराठीत सही केली, हळूहळू, जीभ ओठांत धरून. जाताना म्हणाले, किती सुंदर लिहिलं बाई, छापल्यासारखं.

इंदूने माझ्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे, जिथे गुळाचा तो तुकडा होता.

उत्तर मार्चमध्ये आलं. पाकीट घेऊन देवराव शाळेतच आले, मधल्या सुट्टीत, वाचून दाखवा म्हणून. मी व्हरांड्यात उभी राहून वाचलं. छातीचा विकार धूम्रपानाच्या दीर्घ सवयीमुळे, कामाच्या स्वरूपाशी त्याचा संबंध दिसत नाही, सध्याच्या कामावर राहण्यास हरकत नाही. मुलं अंगणात लंगडी खेळत होती. मी मराठीत सांगितलं, शक्य तेवढं मऊ करून.

ते अंगणाकडे पाहत म्हणाले, "खरंच लिहून राह्यले ते. बिडी तर ओढलीच ना म्या."

कागदाच्या शेवटी एक ओळ होती. अधिक माहिती द्यायची असल्यास तीस दिवसांत द्यावी. ती मी त्यांना सांगितली, हे माझ्या बाजूने एवढं एकच. ते माझ्याकडे बघत थांबले. मला माहीत होतं ते कशासाठी थांबले आहेत. माझ्या काखेत सातवीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. मी म्हणाले, "परीक्षा आहेत हो देवरावभाऊ, पेपर तपासून होऊ द्या, मग बघू."

"तुमाले काऊन तरास," ते म्हणाले. "राहू द्या."

मी राहू दिलं. पेपर तपासून झाले, निकाल लागला, तीस दिवस सरले. मी कामात होते हे खरं, पण तेवढंच नाही. पुन्हा लिहायचं म्हणजे पहिलं चुकलं असं मान्य करायचं, आणि माझा फॉर्म कधी चुकत नसे. हे मी त्या वेळी स्वतःशीही बोलले नाही. बोलले असते तर कदाचित लिहिलं असतं.

टाकीवर दुसरा माणूस लागला. देवराव बंबावर राहिले, आणखी दोन हंगाम. दोरीवर दुपट्टा दिसायचा, डाग दिसायचे. मी खिडकीला पडदा लावला. ऊन येतं असं कारण मी घरात सांगितलं होतं. पुढे इंदूला गॅस मिळावा म्हणून मी खटपट केली, चुलीचा तरी धूर नको म्हणून. तो फॉर्मही मीच भरला आणि तो अचूक होता.

दोन हंगामांनंतर त्यांना बंबावर चढता येईना, तेव्हा त्यांनीच काम सोडलं. मग अंगणात बाजेवर बसून असायचे, दोन्ही हात बाजेच्या काठावर रोवून, पुढे वाकून, प्रत्येक श्वास विहिरीतून बादली काढावी तसा ओढत. मी जायची, डबा न्यायची, पेपर वाचून दाखवायची. एकदा गावात भोंगा वाजला. त्यांचे पाय बाजेखाली चपला शोधू लागले, मग थांबले. आमच्याकडे पाहून कसनुसं हसले. मला एका शब्दानेही कधी काही म्हणाले नाहीत. उलट कोणी आलं की सांगायचे, बाईनं माझं सगळं इंग्रजीत लिहून दिलतं, म्हणून तर त्याईनं इतक्या लवकर जवाब धाडला. ते ऐकलं की मी ताट उचलून आत जायची.

रेवा, तू जन्मलीस त्या वर्षी ते गेले. तुझ्या बारशाचा फोटो मी त्यांना दाखवला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, थोडा वेळ श्वास जमवला आणि म्हणाले, "पोरगी साजरी हाय. हवेत ठेवा तिले."

तुम्ही हवेत आहात. तुमच्यासाठी शाळा दोन दिवस बंद ठेवतात आणि ते बरोबरच आहे. तुमच्याकडचे आग विझवणारे तोंडावर केवढी यंत्रं लावून जातात ते तुमच्या बाबाने मला फोटोत दाखवलं. मला हेवा वाटला, आणि मग लाज. यंत्र देणं माझ्या हातात नव्हतं, पण लेखणी माझ्याच हातात होती.

फोन झाल्यावर त्या दिवशी दुपारी मी फाईल काढली. कार्बनची नक्कल आता जांभळट पडली आहे, पण 'वीस वर्षे' स्वच्छ दिसतं, आणि ती तिरकी रेघही. नक्कल घेऊन, रेघांचे चार कोरे कागद आणि पट्टी घेऊन मी इंदूकडे गेले. ती ओसरीवर उन्हात बसली होती. मी पुंजका तिच्या हातात दिला, तो निवडून ती मांडीवर वाती वळायला लागली. मी नक्कल तिच्यापुढे ठेवली आणि त्यात काय लिहिलं होतं आणि काय लिहिलं नव्हतं, ते पहिल्यांदा तिला नीट वाचून दाखवलं. मोकळ्या चार ओळीही दाखवल्या.

ती रेघेवर बोट ठेवून बसली. "एवढी जागा व्हती," ती म्हणाली.

मी म्हणाले, इंदू, आता सांग. मी लिहिते.

पट्टीने मी रकाने आखले. कुठे, काय जळलं, किती दिवस, आणि घरी आल्यावर. हा शेवटचा रकाना तिचा. तिला एकही तारीख आठवत नाही, पण सगळं आठवतं. संक्रांतीले वाणाचं सामान मांडून ठेवलं अन् भोंगा वाजला ती आग. बसस्टँडमागचं टायरचं दुकान, त्यानंतर तीन दिवस काळं थुंकत होते. होळीच्या आदल्या दिवशीचा सरकीचा ढीग, त्याचा धूर तेलकट, भाकरीलाही वास येतो म्हणून जेवले नाहीत. कडब्याची गंजी. लाकडाची वखार. देवळी रस्त्याची ती जिनिंग, तेव्हा परतल्यावर पहिल्यांदाच अंगणातच बसले, पायरी चढले नाहीत. ऊन ओसरीवरून खाली उतरेपर्यंत आम्ही लिहीत होतो. सत्तावीस आगी झाल्या. आणखी आठवतील म्हणाली. माझं अक्षर आता हलतं, ओळी रकान्याबाहेर गेल्या, मी जाऊ दिल्या.

"आता हे कोनाले धाडता?" इंदूने विचारलं.

खरं म्हणजे धाडायला कोणी नव्हतं. तीस दिवस कधीच संपले होते. मी म्हणाले, ओजस-रेवाला धाडते.

तिने मान डोलावली. तोवर मी कागदाच्या तळाशी आले होते. एक ओळ शिल्लक होती. लेखणी थांबवून मी तिला विचारलं, बिडीचं लिहू की नको. हा प्रश्न मी त्या रविवारी विचारायला हवा होता.

इंदूने हातातली वात पुरती वळली, ताटलीत बाकीच्या वातींशेजारी ठेवली.

"लिहा," ती म्हणाली. "खरं हाय ते. पन सगळ्यात खाली लिहा."

मी सगळ्यात खाली लिहिलं.